हाइके कामर्लिंग ओनेस : थंडीच्या शेवटच्या पायरीवर

आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात अतिसंवाहकतेवर जेमतेम एक परिच्छेद असतो. पारा थंड केला, त्याचा विद्युत् रोध नाहीसा झाला, शोध १९११ साली हाइके कामर्लिंग ओनेस यांनी लावला, एवढेच. परीक्षेत हे एका गुणाला विचारले जाते आणि पाठ करून लिहिलेही जाते. या अंकात आम्ही या माणसाचे चरित्र देत आहोत. ते निवडताना आमच्या मनात एक प्रश्न होता, आणि तो त्यांच्या आयुष्यभर त्यांच्याही पाठीस लागलेला होता. धातूतून वीज जाताना तिला अडवते कोण? धातू स्वतः, की धातूत राहून गेलेला कचरा?

ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी हॉलंडमधील ग्रोनिंगन या गावी झाला. आपल्याकडे खानापूर भागात असतात तसा त्यांच्या वडिलांचा कौलांचा कारखाना होता. घरात शिस्त कडक, पण वातावरण सुसंस्कृत होते. धाकटा भाऊ मेन्सो पुढे नावाजलेला चित्रकार झाला. हाइके यांनी ग्रोनिंगन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८७१ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, बाष्पांच्या घनतेवरील निबंधासाठी उट्रेख्ट विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर ते जर्मनीतील हायडेलबर्गला जाऊन बुन्सेन आणि किरखोफ यांच्या हाताखाली शिकले. प्रयोगशाळेत ज्याच्या नावाचा बर्नर आपण रोज पेटवतो, तोच हा बुन्सेन. १८७९ साली पृथ्वीच्या परिवलनाचे नवे पुरावे या विषयावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. मधल्या काळात डेल्फ्टच्या तंत्रशाळेत त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. तिथे असताना व्हान डर वाल्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. वायू द्रवात का आणि केव्हा बदलतो याचे गणित व्हान डर वाल्स यांनी मांडले होते. ते गणित खरे की खोटे हे ठरवायचे तर वायू शक्य तितके थंड करून मोजमाप करणे भाग होते. ओनेस यांच्या पुढच्या सगळ्या धडपडीचे मूळ इथे आहे.

१८८२ साली वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रकृती नाजूक, फुप्फुसे कमकुवत. पण कामाची पद्धत पाहिली तर हा माणूस आजारी होता यावर विश्वास बसू नये. मोजमापाखेरीज ज्ञान नाही असे ते सुरुवातीपासून सांगत आले, आणि मोजमापासाठी लागणारे सामान विकत मिळत नसेल तर ते स्वतःच्या आवारात तयार करायचे असे त्यांनी ठरवले.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या वाचकांत उद्यमबागेत लेथ आणि भट्टी सांभाळणारे पालक बरेच आहेत. त्या काळी युरोपातले बहुतेक संशोधक एखादा मदतनीस हाताशी घेऊन एकट्याने प्रयोग करीत. ओनेस यांनी प्रयोगशाळेचा जणू कारखानाच केला. पंप, नळ्या, दाबाची यंत्रे, काचेची दुहेरी भांडी, सारे काही तिथल्या कारागिरांच्या हातून घडू लागले. गेरिट फ्लिम हे मुख्य यांत्रिक, ऑस्कर केसेलरिंग हे काच फुंकणारे. १९०१ साली ओनेस यांनी उपकरणे बनवणाऱ्या कारागिरांना शिकवणारी संस्थाच काढली. त्या शाळेतली मुले निळे डगले घालून प्रयोगशाळेत वावरत, म्हणून त्यांना निळी मुले असेच नाव पडले. ती शाळा लायडनमध्ये आजही चालू आहे. अतिसंवाहकतेच्या शोधात या मुलांचा वाटा किती याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, पण आमच्या मते तो लहान नाही.

काम मार्गी लागले आणि विघ्न आले. १८०७ साली लायडन शहरात बंदुकीच्या दारूने भरलेले एक जहाज फुटून सुमारे दीडशे माणसे मेली होती आणि शहराचा एक भाग जमीनदोस्त झाला होता. विद्यापीठाची भौतिकी प्रयोगशाळा नेमकी त्याच उजाड जागेवर बांधलेली. तिथे प्रचंड दाबाखालील वायूंची नळकांडी ठेवली जातात हे कळल्यावर १८९५ साली नगरपालिकेला धडकी भरली. प्रकरण सरकारपर्यंत गेले आणि दाबाखालील वायूंचे काम बंद ठेवावे लागले. चौकशी समिती नेमली गेली. समितीत व्हान डर वाल्स होते. लंडनहून जेम्स डेवार यांनी ओनेस यांच्या बाजूने पत्र पाठवले. हे डेवार म्हणजे आपल्या घरातल्या थर्मासचे जनक आणि थंडीच्या शर्यतीत ओनेस यांचे सर्वांत तगडे प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्याने मदतीचे पत्र लिहावे हे आम्हाला विशेष वाटते. पण परवाना मिळायला १८९८ साल उजाडले, आणि त्याच वर्षी १० मे रोजी डेवार यांनी हायड्रोजन द्रवरूप करून दाखवला. लायडनमध्ये हायड्रोजन द्रवरूप व्हायला १९०६ साल लागले.

आता फक्त हीलियम उरला होता. या वायूचे आपल्या भागाशी एक नाते आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण भारतावरून गेला. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण आणि वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वालांमधील तेजस्वी रेषा या ग्रहणात दिसल्या. त्यांतली पिवळी रेषा सोडियमची नव्हे, हे त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांच्या लक्षात आले आणि पुढे हीलियम हे नाव रूढ झाले. लॉकियर यांनी हीलियमचा शोध विजयदुर्गावरून लावला असे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते. ते विजयदुर्गावर आले होते हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. सहलीला जाणाऱ्या वर्गांनी एवढी दुरुस्ती करून घ्यावी.

पृथ्वीवर हीलियम सापडला १८९५ साली, रॅमसे यांना, एका खनिजात. डेवार आणि रॅमसे यांचे वाकडे होते, त्यामुळे डेवार यांना पुरेसा हीलियम मिळणे कठीण झाले. ओनेस यांचे भाऊ ओनो ॲमस्टरडॅममध्ये व्यापारी माहिती देणाऱ्या सरकारी कार्यालयाचे प्रमुख होते. त्यांच्या खटपटीने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाहून मोनाझाइट वाळू आली. ही वाळू तापवली की तिच्यातून थोडा थोडा हीलियम निघतो. त्यातली बाकीची भेसळ काढून शुद्ध वायू साठवायला महिनेच्या महिने गेले. मोनाझाइट हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, त्या वाळूशी आम्हाला पुढे पुन्हा काम पडणार आहे.

१० जुलै १९०८ चा दिवस. आदल्या दिवशी ७५ लिटर द्रव हवा करून ठेवलेली. पहाटे पावणेसहाला यंत्रे सुरू झाली. दुपारी दीडपर्यंत २० लिटर द्रव हायड्रोजन जमला. मग हीलियमचे चक्र सुरू झाले. संध्याकाळ झाली तरी काही दिसेना. तापमापकाचा काटा एका जागी अडकल्यासारखा झाला होता. द्रव हायड्रोजनचा साठा संपत आला आणि साऱ्यांनी आशा सोडली. तेवढ्यात बघायला आलेल्या एका सहकाऱ्याने सुचवले की काटा हलत नाही याचा अर्थ तापमापक द्रवात बुडाला असेल, भांड्यावर खालून उजेड टाकून पाहा. तसे केल्यावर द्रवाची पातळी सुरीच्या धारेसारखी स्पष्ट दिसली. केव्हा तरी हीलियम द्रव झाला होता आणि कोणाला पत्ताच नव्हता! मिळालेला द्रव फक्त ६० घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढा. त्याचे तापमान उणे २६९ अंश सेल्सियस, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून ४ अंशांच्या किंचित वर. पृथ्वीवर यापूर्वी एवढी थंड जागा कोणी केलेली नव्हती. १९२३ पर्यंत दुसऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेला हे जमले नाही.

हीलियम द्रव करण्याच्या यंत्रात दुसरे काही ठेवायला जागा नव्हती. द्रव बाहेर काढून वेगळ्या भांड्यात नेणे साधायला जवळजवळ तीन वर्षे लागली. मग तो जुना प्रश्न पुढे आला.

धातू थंड केला की त्याचा रोध कमी होतो हे माहीत होते. अगदी शेवटच्या अंशांवर काय होते याबद्दल मात्र एकमत नव्हते. केल्व्हिन यांनी १९०२ साली असा तर्क मांडला होता की इलेक्ट्रॉनही गोठतील, आणि रोध पुन्हा वाढून अमर्याद होईल. काहींना तो हळूहळू शून्यावर जाईल असे वाटे. तिसरा विचार मॅथीसन यांच्या जुन्या मोजमापांवरून निघत होता. धातूच्या रोधाचे दोन भाग असतात. एक तापमानाबरोबर बदलणारा, दुसरा भेसळीमुळे येणारा, आणि हा दुसरा कितीही थंड केले तरी तसाच राहणार.

हे समजायला आपली सकाळची प्रार्थनेची रांग आठवावी. मुले सरळ ओळींत, सारख्या अंतरावर उभी असतील तर मधून धावत जाणाऱ्याला अडथळा नाही. मुले चुळबुळ करू लागली की धक्के बसतात. ही चुळबुळ म्हणजे अणूंची उष्णतेने होणारी थरथर, आणि थंडीने ती थांबते. पण ओळीत एखादा आडदांड मुलगा वाकडा उभा असेल, किंवा एखादी जागा रिकामी राहून मागची मुले सरकली असतील, तर सगळे स्तब्ध झाले तरी तो अडथळा तिथेच राहतो. स्फटिकातील दोष म्हणजे हेच. परका अणू, रिकामी जागा, सरकलेली ओळ. उपमेचा धागा फार ताणू नये, कारण इलेक्ट्रॉन तरंगासारखे वागतात आणि नियमित रचनेतून तरंग न अडता जातो हे ब्लोख यांनी दाखवले १९२८ साली, ओनेस यांच्या मृत्यूनंतर.

ओनेस यांनी याकोब क्ले यांच्यासह प्लॅटिनम आणि सोन्याच्या तारा मोजल्या. हीलियमच्या तापमानात प्लॅटिनमचा रोध एका किमतीवर येऊन थांबला, पुढे हलेना. सोने जितके शुद्ध तितका उरलेला रोध कमी. म्हणजे उरतो तो धातूचा नव्हे, अशुद्धीचा रोध! मग पूर्ण शुद्ध धातूत काही उरणारच नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. पण पूर्ण शुद्ध सोने आणायचे कुठून? टाकसाळीतले उत्तम सोनेही त्यांना पुरेसे शुद्ध वाटेना. त्यांना पारा सुचला. पारा द्रव असल्याने पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून तो हवा तेवढा शुद्ध करता येतो.

८ एप्रिल १९११ रोजी बारीक काचनळ्यांत गोठवलेल्या पाऱ्याचा रोध मोजला गेला. फ्लिम आणि दोर्समान थंडीची यंत्रणा सांभाळत होते, रोधाचे मापन गिलेस होल्स्ट करीत होते. सुमारे ३ अंश केल्व्हिनला रोध जवळजवळ शून्य झाला. ओनेस यांना आनंद झाला, पण नवल वाटले नाही, कारण त्यांचा अंदाजच तसा होता. नवल पुढच्या महिन्यात घडले. तापमान सावकाश बदलत मोजल्यावर दिसले की रोध हळूहळू शून्याकडे जात नाही. ४.२ अंश केल्व्हिनच्या आसपास तो एकदम कोसळतो. कोणत्याच सिद्धांतात अशी पायरी नव्हती. दाबाकडे लक्ष ठेवणाऱ्या एका निळ्या मुलाला डुलकी लागली, दाब वाढला आणि म्हणून ही पायरी सापडली, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. पण ओनेस यांच्या वह्या नंतर तपासल्या गेल्या आणि तिला त्यांत आधार सापडला नाही.

पुढे तर त्यांचा शुद्धतेचा हिशेबच उलटला. पाऱ्यात मुद्दाम सोने मिसळून पाहिले, कॅडमियम मिसळून पाहिले, तरी रोध नाहीसा होतोच. डिसेंबर १९१२ मध्ये कथील आणि शिसे यांतही तेच दिसले. पारा शुद्ध करण्यात जे श्रम घातले ते या शोधासाठी गरजेचे नव्हतेच. आणि ज्या सोन्या-प्लॅटिनममध्ये शुद्धता वाढवून शून्य गाठण्याची आशा होती, त्यांत ही अवस्था आलीच नाही. चुकीच्या वाटेने निघून योग्य गावी पोहोचावे, तसे हे झाले.

१९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते कमी तापमानावरील संशोधनासाठी, ज्यातून द्रव हीलियम हाती आला. अतिसंवाहक तारेची वेटोळी करून प्रचंड शक्तीचे चुंबक बनवण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले. ते त्यांच्या हयातीत भंगले, कारण थोडेसे चुंबकीय क्षेत्र वाढले की शिशातली अतिसंवाहकता पळून जाई. मात्र १९१४ साली शिशाच्या कड्यात एकदा सुरू केलेला प्रवाह बॅटरीशिवाय तासन्‌तास फिरत राहतो हे त्यांनी दाखवले.

एक गोष्ट आम्हाला खटकते, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. पाऱ्याच्या शोधाचे निबंध ओनेस यांच्या एकट्याच्या नावे छापले गेले. ज्यांनी प्रत्यक्ष आकडे घेतले त्या होल्स्ट यांचे नाव लेखक म्हणून नाही. त्या काळची रीत तशी होती असे म्हणता येईल. होल्स्ट यांचे यामुळे काही अडले नाही, ते पुढे फिलिप्स कंपनीच्या संशोधन शाळेचे प्रमुख झाले. तरीही त्यांचे नाव तिथे असायला हवे होते. दुसरीकडे हाच माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर, अन्नटंचाईच्या देशांतल्या मुलांना मदत पोहोचवण्यासाठी झटला.

१९२२ मध्ये त्यांनी ०.८३ अंश केल्व्हिनपर्यंत मजल मारली. हीलियम गोठवणे मात्र जमले नाही. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी ते वारले आणि त्याच वर्षी, काही महिन्यांनी, त्यांचे शिष्य कीसम यांनी दाबाखाली हीलियम घनरूप केला. अंत्ययात्रेची एक आठवण सांगतात. उशीर झाल्याने गाडीवान घोडे जोरात हाकू लागला आणि मागून चालणाऱ्या फ्लिम आणि केसेलरिंग यांना उंच टोप्या सावरत धावावे लागले. मालक गेले तरी आपल्याला पळवायचे सोडत नाहीत, असे ते धापा टाकत म्हणाले म्हणे.

चरित्र इथे संपते, प्रश्न संपला नाही. १९३४ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत द हास आणि सहकाऱ्यांनी सोन्याची तार थंड करताना पाहिले की रोध कमी होत होत एका तापमानानंतर पुन्हा वाढू लागतो. तीस वर्षे कारण कळले नाही. १९६४ मध्ये जपानचे जुन कोंडो यांनी उलगडा केला. सोन्यात लोहासारखे चुंबकी अणू अत्यल्प प्रमाणात असले तर ते इलेक्ट्रॉनांना साध्या अडथळ्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने विखुरतात, आणि थंडीबरोबर हा परिणाम वाढत जातो. म्हणजे कचराही दोन जातींचा निघाला.

मग कोणी विचारले, चुंबकी अणू तुरळक भेसळ म्हणून न राहता ओळीने, प्रत्येक ठरलेल्या जागी बसवले तर? मोनाझाइटमध्ये भरपूर असणारा सीरियम हा धातू तसा आहे. हीलियम काढून घेतल्यावर उरलेल्या वाळूतलाच तो. १९७५ साली सीरियम आणि ॲल्युमिनियम यांच्या संयुगात असे आढळले की इलेक्ट्रॉन नेहमीपेक्षा शेकडो पटींनी, जवळजवळ हजार पटींनी जड असल्यासारखे वागतात. इलेक्ट्रॉनचे खरे वजन वाढलेले नसते. सीरियमच्या अणूंशी गुंतत गुंतत त्याला पुढे जावे लागते, म्हणून तो मंद होतो. अशा पदार्थांना जड फर्मिऑन पदार्थ म्हणतात. थंड करत गेले की यांचा रोध आधी वाढतो आणि मग सारे सीरियम अणू एका तालात आले की झपाट्याने उतरतो. पण एखाद्या जागी सीरियमऐवजी चुंबकत्व नसलेला लँथॅनम बसवला तर ताल तिथे तुटतो. इथे चुंबकी अणू असणे हा दोष नाही, तो नसणे हा दोष! रांगेत सगळेच आडदांड असताना एखादा किरकोळ मुलगा उभा राहावा तसे.

१९७९ साली जर्मनीत फ्रांक श्टेग्लिख आणि सहकाऱ्यांना सीरियम, तांबे आणि सिलिकॉन यांच्या संयुगात सुमारे अर्ध्या अंश केल्व्हिनला अतिसंवाहकता सापडली. सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसला नाही, कारण चुंबकी अणू अतिसंवाहकता मारतात असेच सर्वांना माहीत होते. शिवाय काही नमुन्यांत ती दिसे, काहींत दिसत नसे. पुढे कळले की तांब्याचे प्रमाण एखाद्या टक्क्याने इकडे-तिकडे झाले तरी पदार्थ अतिसंवाहक होणार की चुंबकी, हे बदलते. पारा आणि शिसे साधी भेसळ निमूटपणे सोसतात. या पदार्थांत तीच साधी भेसळ थोडी वाढली की अतिसंवाहकता जाते. पाऱ्यासाठी विनाकारण घेतलेली शुद्धतेची काळजी इथे मात्र अटळ ठरली. म्हणून जड फर्मिऑनचा नवा स्फटिक हाती आला की संशोधक आजही आधी एक साधा भागाकार करतात. खोलीच्या तापमानाचा रोध भागिले अतिथंड अवस्थेत उरलेला रोध. हे गुणोत्तर जितके मोठे तितका स्फटिक निर्दोष. ओनेस आणि क्ले यांनी सोन्याच्या तारांसाठी हीच दोन मोजमापे शेजारी शेजारी मांडली होती.